अबू तुर्कीचा उजवा हात

नवी बंदूक हातात पडली त्या दिवसापासून मुतलकला तिची भीती वाटत होती, आणि हे त्यानं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. सैनिकानं शत्रूला भ्यावं, साहेबाला भ्यावं, फार तर बायकोला भ्यावं. स्वतःच्याच बंदुकीला भिणाऱ्याची चौकीवर धडगत नसते. पण भीती काही विचारून येत नाही. बंदुकीच्या मुठीवर, चापावरचं बोट सोडून उरलेली तीन बोटं बसतात तिथं, काचेची एक बारीक पट्टी होती आणि वरच्या अंगाला मुगाएवढा दिवा. आपला माणूस ओळखला की दिवा हिरवा. नाही ओळखला की लाल, आणि मग चाप कितीही ओढा, हातात नुसती काठी. सगळा विजेचा कारभार. रोज सकाळी मुतलक मूठ धरायचा आणि हिरवा दिवा लागेपर्यंत नजर हलवायचा नाही.

चौकी जॉर्डनच्या पार ईशान्य टोकाला, काळ्या दगडांच्या मुलखात. समोरच्या बांधापलीकडे सीरिया. उन्हाळ्यात तिथं सापसुद्धा सावली शोधतो, आणि हिवाळ्यात धुकं उतरतं. धुकं उतरलं की पलीकडून नशेच्या गोळ्यांची पोती पाठीवर बांधून टोळ्या येतात. ते सामान टाकून पळणारे चोर नव्हेत. धुक्यात आपण त्यांना दिसत नाही तसे तेही आपल्याला दिसत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

गेल्या हिवाळ्यात अशाच धुक्यात तुर्की गेला. मुतलकच्या बरोबरीचा, त्याचा जिवाभावाचा दोस्त. एका चोरानं झटापटीत तुर्कीची बंदूक हिसकावली आणि त्याच बंदुकीनं त्याला गोळी घातली. तुर्कीचा बाप त्याच चौकीवर सार्जंट होता. तिकडं थोरल्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारतात, म्हणून सगळी चौकी त्याला अबू तुर्की म्हणायची, तुर्कीचा बाप. पोरगा मातीत गेला तरी हाक तीच राहिली. दिवसातून कितीदा तरी कुणी ना कुणी त्याच्या काळजावर असं बोट ठेवायचं आणि तो शांतपणे "ओ" द्यायचा. मुतलक तेवढा त्याला काका म्हणायचा.

चौकीवरचे सगळे मातीला गेले होते तेव्हा तुर्कीच्या आईनं मुतलकला दाराआड बोलावलं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती एवढंच म्हणाली, "हे घरी बसायचे नाहीत. मी सांगून थकले. तू त्यांना तिथं एकटं सोडू नकोस." मुतलकनं मान डोलावली होती. ती मान डोलावणं त्याच्या मानेवर जोखडासारखं बसलं होतं.

तर या नव्या बंदुका त्या घटनेनंतर आल्या. लेफ्टनंट शामिल अम्मानहून त्यांच्याबरोबर आला, आणि जुन्या बंदुका ट्रकात भरून परत गेल्या. शामिल तरुण होता, गोरापान, बोलायला गोड. त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आता आपली बंदूक हिसकावून आपल्यालाच कुणी मारणार नाही. ज्याची त्याची बंदूक ज्याच्या त्याच्याच हातात बोलेल."

अबू तुर्की पुढं आला. "साहेब, खरं सांगता?"

"करून बघा ना."

अबू तुर्कीनं आपली बंदूक मुतलकच्या हातात दिली आणि म्हणाला, "ओढ." मुतलकनं समोरच्या टेकाडावर नेम धरून चाप ओढला. लाल. मग चौकीवरच्या फुहैदनं ओढला, मग स्वयंपाक्यानं, मग खुद्द शामिलनं. लाल, लाल, लाल. शेवटी अबू तुर्कीनं ती परत घेतली, टेकाडावर एक गोळी झाडली आणि खाली बसून डोक्याच्या रुमालानं तोंड झाकून घेतलं.  एक वर्ष उशिरा आली होती बंदूक.

त्या दिवसापासून म्हातारा त्या बंदुकीच्या प्रेमात पडला. तिला पुसायचा, तिच्याशी बोलायचा, तिला "सूनबाई" म्हणायचा. फुहैद चेष्टेनं म्हणायचा, "अबू तुर्की, सूनबाई परक्याच्या हाताला लागत नाही म्हणे." म्हातारा मिशीत हसायचा. "घरंदाज आहे."

शामिलनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे मुठीला जिवंत हात लागतो. "हातात रक्त खेळतं असावं लागतं. कुणाचा हात तोडून आणला तरी उपयोग नाही," असं तो हसत म्हणाला आणि मुतलकच्या अंगावर काटा आला. दुसरं, हाताला भाजलं-कापलं तर त्याच दिवशी कळवायचं. मग बंदूक जमा करायची, ब्रिगेडच्या ठाण्यावर जायचं आणि बोटांची नव्यानं नोंद करून यायचं. नोंदणीचं यंत्र तिथं एकच.

पहिल्यांदा नोंद केली त्या दिवशीची गंमत पुढं फार महाग पडली. ठाण्यावरचा कारकून म्हणाला होता, "आता डावा हात द्या. उजव्याला काही झालं तर असू दे." रांगेत पहिला अबू तुर्की. तो म्हणाला, "बाळा, डाव्या हातानं आम्ही पाहुण्याला कॉफीसुद्धा देत नाही. गोळी कशी देऊ?" अख्खी रांग खो खो हसली. त्याच्यामागं एकेक जण उजवा हात टेकवून डावा खिशात घालून पुढं सरकला. मुतलकही. कारकुनानं खांदे उडवले. त्याला घरी जायची घाई होती.

मग शलाश आला.

शलाश म्हणजे त्या मुलखातला म्हातारा मेंढपाळ. एका दुपारी तो चौकीवर आला, आगीपाशी बसला आणि म्हणाला, "उद्या सकाळी धुकं पडणार. आणि पलीकडं परक्या गाड्यांची चाकं उमटलीत. सांभाळून राहा." अशी बातमी घेऊन आलेल्या पाहुण्याला डब्यातलं खाऊ घालतात होय? अबू तुर्कीनं स्वतः पीठ मळलं आणि अर्बूद लावलं. अर्बूद म्हणजे निखाऱ्यात पुरून भाजलेली जाडजूड भाकर. ती यजमानानं उघड्या हातानं उकरून काढायची, झटकायची आणि पाहुण्यापुढं मोडायची. चिमटा लावला तर भाकरीचं काही बिघडत नाही, यजमानाची लाज जाते.

भाकर होत आली आणि अबू तुर्की नमाजाला उभा राहिला. निखाऱ्यातून करपल्याचा वास यायला लागला. फुहैद आतून सांडशी घेऊन आला. शलाशनं सांडशीकडं बघितलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "दात काढायचाय का कुणाचा?"

फुहैद ओशाळला. मुतलकचे कान तापले. आज यजमान नमाजाला उभा, तर त्याच्या जागी आपणच. त्यानं बाही सारली आणि उजवा हात निखाऱ्यात घातला. भाकरीखाली जळतं लाकूड चिकटलं होतं, ते त्याला दिसलं नाही. बोटं त्याच्यावरच बसली. सोडली असती तर भाकर परत निखाऱ्यात पडली असती. त्यानं सोडली नाही. ती झटकली, मोडली, शलाशपुढं ठेवली आणि बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण धुराचं निमित्त होतं.

"माणूस आहे," शलाश म्हणाला आणि जेवला.

संध्याकाळपर्यंत बोटांच्या पेरांवर फोड टरारले. मुतलकनं राहुटीच्या मागं जाऊन बंदुकीची मूठ धरली. लाल. पुसून धरली. लाल. दाबून, कण्हत धरली तेव्हा कुठं हिरवा. मग परत लाल.  आत्ता सांगितलं तर बंदूक जमा होणार, आपल्याला गाडीत घालून ठाण्यावर पाठवणार, आणि उद्याच्या धुक्यात बांधाजवळच्या वाळूच्या पोत्यांच्या मोर्चात काका दुसऱ्या कुणाबरोबर बसणार. किंवा एकटेच, कारण फुहैदला गाडीवरची मशीनगन सांभाळायची होती. तुर्कीच्या आईचा बसलेला आवाज त्याला आठवला. मधेच तो फोडांना शिव्या देत होता, मधेच स्वतःला. शेवटी त्यानं बोटांना तूप चोळलं आणि ठरवलं, सकाळपर्यंत उतरेल.

अबू तुर्कीनं जेवताना विचारलंच. "हाताला काय झालं?"

"काही नाही काका. चटका."

"कळवलंस?"

"दिवा लागतोय हिरवा," मुतलक म्हणाला. हे धड खोटंही नव्हतं.

सकाळी धुकं असं दाटलं होतं की मोर्चातल्या वाळूच्या पोत्यांपलीकडं चार पावलांपुढचं काही दिसेना. दोघं पोत्यांआड शेजारी शेजारी बसले. गाडी आणि बाकीचे मागं चौकीपाशी. धुक्यात आवाजांना दिशा राहत नाही. कुठं तरी दगडावर दगड वाजला. मुतलकला वाटलं उजवीकडं, अबू तुर्कीनं डावीकडं बोट दाखवलं. मग पुन्हा सगळं गप्प. मुतलकनं हळूच मूठ दाबली. लाल. त्यानं दिव्यावर अंगठा ठेवला, काकांना दिसू नये म्हणून.  अजून सांगता येईल, अजून सांगता येईल, असं तो मनात घोकत होता.

"काका," तो शेवटी कुजबुजला.

"श्श."

धुक्यातून एक आकृती उभी राहिली. अगदी जवळ, तीन-चार पावलांवर. पाठीवर पोतं, हातात बंदूक, तोंडाला फडकं. तो मुतलकच्या समोर होता. अबू तुर्की डावीकडं बघत होता. नेम धरायला काही लागत नव्हतं, पोरानंही मारला असता. मुतलकनं चाप ओढला.

काही झालं नाही. त्यानं पुन्हा ओढला, मूठ आवळली, फोड फुटला, बोटांतून पाणी आलं, पुन्हा ओढला. लाल. त्यानं डावा हात मुठीवर टाकला. लाल. त्या माणसानं वळून बघितलं. मुतलकला ओरडायचं होतं, पण आधी गोळ्या आल्या आणि अबू तुर्की पोत्यांवरून मागं कलंडला.

लागलं होतं मांडीत, अगदी वर. रक्त ओतल्यासारखं येत होतं. मुतलकनं आपली बंदूक टाकली, डोक्याचा रुमाल ओढून काढला आणि मांडीला आवळून गाठ मारली. गाठ दोनदा सुटली. वायरलेसवर तो काय बोलला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पलीकडून फुहैद ओरडला, "येतोय, येतोय, दिसत नाही काही."

पोत्यांवर परत गोळ्या आदळल्या. वाळू तोंडात गेली. ते जवळ येत होते, दगड वाजत होते, आता एका नव्हे दोन-तीन बाजूंनी. मुतलकनं काकांची बंदूक उचलली. लाल. अर्थात लाल, अख्ख्या चौकीनं आजमावून बघितलं होतं की ती दुसऱ्या कुणाच्या हातात चालत नाही, आणि ते बघून म्हातारा रडला होता. मुतलकला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मरायची तर वाटतच होती. त्याहून मोठी भीती ही, की आपण इथं दोन भरलेल्या बंदुका घेऊन बसलोय आणि काका आपल्या डोळ्यांदेखत मारले जाणार.

मग त्याला सुचलं. त्यानं अबू तुर्कीचा उजवा हात उचलला, बंदुकीच्या मुठीवर ठेवला, बोटं एकेक करून पट्टीवर बसवली आणि वरून आपली मूठ आवळली. हिरवा. त्यानं बंदूक पोत्यांवर टेकवली, काकांचं अंग आपल्या अंगाला टेकवून घेतलं आणि डाव्या हाताच्या बोटानं चाप ओढला. बंदूक बोलली. धुक्यात कुणी तरी किंचाळलं. त्यानं आवाजाच्या रोखानं परत ओढला, परत ओढला. म्हाताऱ्याचं डोकं त्याच्या खांद्यावर डुलत होतं, पण बोटं मुठीवर होती.

तेवढ्यात डावीकडून एक जण पोत्यांवरून थेट आत उडी मारून आला. त्याची स्वतःची बंदूक रिकामी झाली असावी, खांद्याला नुसती लोंबत होती. त्यानं नळी धरून हिसका दिला. अबू तुर्कीचा हात मुठीवरून सुटला आणि बंदूक त्या माणसाच्या हातात गेली. त्यानं ती फिरवली आणि मुतलकच्या छातीला लावली. फडकं खाली घसरलं होतं. पोरगेला होता, ओठावर नुकती मिसरूड, पापण्यांवर धुक्याचे थेंब. तुर्कीनंही शेवटचं असंच काही तरी पाहिलं असेल, असं मुतलकच्या मनात आलं आणि त्यानं डोळे मिटले.

चाप ओढल्याचा बारीकसा आवाज आला. मग परत. मग परत.

मुतलकनं डोळे उघडले. तो पोरगा बंदुकीकडं बघत होता, भुताकडं बघावं तसा. लाल दिव्याचा ठिपका त्याच्या हनुवटीवर पडला होता. मुतलकच्या हाताला पायाशी पडलेला काळा दगड लागला, आणि त्यानं तो भाजलेल्या हातानंच उचलून त्याच्या तोंडावर हाणला. पोरगा कोलमडला, बंदूक टाकली, धडपडत पोत्यांवरून पलीकडं गेला आणि धुक्यात नाहीसा झाला. मागून फुहैदच्या गाडीवरची मशीनगन धडधडायला लागली.

गाडी पोचली तेव्हा मुतलक काकांना मांडीवर घेऊन बसला होता. मलमपट्टीवाला नूह उडी मारून खाली आला. त्यानं मनगट धरलं, मान दाबून बघितली, परत मनगट धरलं. अबू तुर्कीचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि हात थंडगार.

"नाडी नाही रे," नूह म्हणाला. "मुतलक, सोड आता."

मुतलकनं सोडलं नाही. त्यानं बंदूक ओढून घेतली, काकांचा हात मुठीवर ठेवला आणि बोटं पट्टीवर दाबली. दिवा लाल होता. लालच राहिला. मुतलकनं त्या थंड बोटांवर तोंडानं वाफ सोडली, चोळली, परत दाबली. नूह त्याच्या खांद्याला धरून ओढायला लागला.

हिरवा.

"बघ," मुतलक म्हणाला. "बघ, हिरवा आहे. जिवंत हात लागतो म्हणाले होते ना साहेब. बघ."

नूहनं दिव्याकडं बघितलं, तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं आणि सलाइनच्या पिशवीचं वेष्टण दातांनी फाडलं.

गाडीत त्यांनी काकांना आडवं घातलं, बंदुकीसकट. नूह मांडी दाबून बसला होता आणि ओरडून फुहैदला रस्ता सांगत होता. मुतलकचं लक्ष फक्त दिव्यावर होतं. गाडी दगडांवरून उडायची, हात सरकायचा, दिवा लाल व्हायचा, मुतलक बोटं परत नीट बसवायचा. हिरवा. इतके दिवस ज्या दिव्याला तो भीत होता त्याच्याकडं आता देवाकडं बघावं तसा बघत होता, आणि भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

बऱ्याच वेळानं अबू तुर्कीच्या पापण्या हलल्या.

"घेतली होती ना त्यानं," म्हातारा म्हणाला. आवाज जेमतेम ऐकू येत होता. "सूनबाईला. त्यानं ओढला का चाप?"

"ओढला, काका. माझ्या छातीला लावून ओढला."

"मग?"

"लाल झाली. नाही चालली त्याच्या हातात."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. तोंडाच्या कोपऱ्यात काही तरी हललं. मुतलकला वाटलं आता तो झोपेल. पण त्यानं डोळे परत उघडले आणि या खेपेला सरळ मुतलककडं बघितलं.

"तुझी का गप्प होती?"

हाच प्रश्न. मुतलक सकाळपासून त्याचीच वाट बघत होता. खोटं बोलता आलं असतं. धुकं होतं, दमट होतं, विजेची वस्तू आहे, बिघडली म्हणता आलं असतं, शामिलसाहेबानंही खरं मानलं असतं.

"हात भाजला होता, काका. भाकर काढताना. काल रात्रीपासून दिवा लागत नव्हता, आणि मी सांगितलं नाही. तो माझ्यासमोर होता. मी मारायचा होता त्याला."

नूहनं मान वर करून मुतलककडं बघितलं आणि परत खाली घातली.  अबू तुर्की गाडीच्या छताकडं बघत राहिला. मग मुतलकला मुठीवरची बोटं हलल्यासारखी वाटली. ती एकेक करून पट्टीवरून सुटत होती. त्यानं दाबून धरायचा प्रयत्न केला, पण घामानं आणि रक्तानं हात निसटत होता.

दिवा लाल झाला.

"नूह," मुतलक म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "नूह, लाल झाला. नूह."

बंदूक घरंगळून गाडीच्या तळाशी पडली. नूहचे दोन्ही हात मांडीवर अडकले होते, तो तिथूनच मान लांबवून बघत होता. मुतलकला पुढं बघवेना. तुर्कीच्या आईच्या दारात आपण उभे आहोत आणि तोंडातून शब्द फुटत नाही, एवढंच त्याला दिसत होतं.

तेव्हा त्याच्या उजव्या हाताला काही तरी लागलं. थंड, खरखरीत. अबू तुर्कीचा हात चाचपडत त्याच्या भाजलेल्या बोटांपर्यंत आला होता. तो त्यांच्यावर बसला आणि आवळला. उरलेले फोड फुटले. डोक्यापर्यंत कळ गेली.

मुतलकनं हात सोडवून घेतला नाही.